मूळचे कोण आणि बाहेरचे कोण?

(१९८० सालच्या दहावीच्या तुकडीचा स्नेहमेळावा, मानवत, डिसेंबर २०२४. या मेळाव्यात केलेलं भाषण.)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'बँकेतून नुकताच सुटलेला माणूस' अशी करून दिली. खरं आहे. छत्तीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला काढली आणि या वर्षी निवृत्त झालो. शाळेच्या आठवणी सांगायला इथं माझ्यापेक्षा चांगले वक्ते आहेत. सकाळपासून आपण पोट धरून हसलो आणि दोन-तीनदा डोळेही पुसले. मला मात्र एका कामाच्या गोष्टीवर बोलायचं आहे. थोडं रुक्ष वाटलं तर सांभाळून घ्या.

आपल्या तुकडीनं शाळेतल्या गरजू मुलांसाठी शिष्यवृत्ती निधी उभा करायचं ठरवलं आहे. त्याच्या नियमांचा कच्चा मसुदा गेले तीन आठवडे ग्रुपवर फिरतोय. त्यातली अट क्रमांक दोन अशी आहे : 'विद्यार्थी मूळचा मानवत तालुक्यातील रहिवासी असावा व तसा दाखला अर्जासोबत जोडावा.' या एका ओळीवर ग्रुपवर किती खणाखणी झाली ते तुम्हाला माहीतच आहे. दोघं ग्रुप सोडून गेले, त्यांना परत आणायला मला फोन करावे लागले. ज्यांनी ही अट घातली ते माझे जिवाभावाचे मित्र आहेत आणि त्यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आपल्या मातीतला पैसा आपल्या मातीतल्या लेकरांना, एवढंच त्यांना म्हणायचं आहे. पण 'मूळचा' हा शब्द मला थांबवतो. तो आपल्या भागात नवा नाही, म्हणून आधी त्याचा इतिहास थोडा सांगतो.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो, हे आपल्या इतिहासाच्या सरांनी दर वर्षी झेंड्याखाली उभं करून सांगितलं. त्या संस्थानात माणसांच्या दोन जाती होत्या : मुलकी आणि गैरमुलकी. सरकारी नोकरी मुलकी माणसाला. बाहेरून आलेल्याला मुलकी व्हायचं असेल तर पंधरा वर्षं संस्थानात राहिल्याचं दाखवावं लागे आणि जुन्या गावी परत जायचा विचार सोडला आहे, असं प्रतिज्ञेवर लिहून द्यावं लागे. आपल्या आजोबांच्या बोलण्यात हे शब्द सर्रास यायचे.

या नियमामागची तक्रार खोटी होती असं मी म्हणणार नाही. बाहेरून हुशार अधिकारी आणायचे आणि इथल्या पोरांनी त्यांच्या हाताखाली चपराशी व्हायचं, असं चित्र असेल तर राग येणारच. पोलीस कारवाईनंतरही बाहेरचे अधिकारी आले, खोटे मुलकी दाखले काढले जातात अशी ओरड झाली आणि सप्टेंबर १९५२ मध्ये हैदराबाद शहरात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला, जीव गेले. पुढे १९५६ ला आपण त्या राज्यातून बाहेर पडलो, पण तेलंगणात हा वाद कोर्टकचेऱ्या करत १९७३ च्या घटनादुरुस्तीपर्यंत चालला. म्हणजे 'मूळचा कोण' हा प्रश्न एकदा दारात आणला की तो तीस-तीस वर्षं दारातून हलत नाही.

आता याच काळातला दुसरा माणूस बघा. मराठवाड्याच्या मुक्तीसाठी ज्यांचं नाव आपण पहिलं घेतो ते स्वामी रामानंद तीर्थ. त्यांचा जन्म विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. ते आपल्याकडं आले ते शिक्षक म्हणून. आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत. अंबाजोगाईकरांनी त्यांना शाळेत घेताना 'मूळचा' हा रकाना तपासत बसले असते, तर आपण आज कोणाचा फोटो लावला असता?

आणि उलट बाजूनं बघायचं तर आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे नामदेव. वारकऱ्यांचे नामदेव इथून पंजाबात गेले. भाषा वेगळी, जेवण वेगळं, पेहराव वेगळा. पंजाबनं त्यांना दाखला मागितला नाही. आज गुरू ग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदं आहेत आणि घुमान गावात त्यांच्या नावाचं गुरुद्वार आहे. २०१५ चं मराठी साहित्य संमेलन तिथं भरलं, ते या जुन्या पाहुणचारामुळंच.

फार दूर जायला नको. आपलं मानवतच घ्या. सव्वाशे वर्षांपूर्वी गोदावरीच्या खोऱ्यातून रेल्वे आली, मानवत रोड स्टेशन झालं आणि आपल्या काळ्या रानातला कापूस देशाच्या बाजाराला जोडला गेला. त्या कापसामागं व्यापारी आले, अडते आले, जिनिंगचे फिटर आले, हमाल आले. कुणी राजस्थानातून, कुणी गुजरातमधून, कुणी तेलुगू मुलखातून. आज इथं बसलेल्या आपल्या तुकडीत ज्यांच्या घरी अजून मारवाडी बोललं जातं असे मित्र आहेत. ज्यांच्या घरी उर्दू आहे असे आहेत, बंजारा बोली आहे असे आहेत. आपण त्यांना 'बाहेरचे' म्हणतो का? नाही. कारण त्यांच्या आईच्या हातचं आपण खाल्लं आहे. फरक मुळाचा नाही, किती दिवस शेजारी राहिलो एवढाच आहे.

आणि आपले गणिताचे सर. आज ते आपल्यात नाहीत. ते तेलुगू मायबोलीचे होते. 'ती फळा' आणि 'तो पाटी' म्हणायचे आणि आपण बाकाखाली तोंड घालून हसायचो. दहावीच्या वर्षी सकाळी सहा वाजता स्वतः शाळेची खोली उघडून एक पैसा न घेता ज्यांनी आपल्याला भूमिती शिकवली, ते सर 'मूळचे' नव्हते. या सभागृहात त्यांच्यामुळं गणितात पास झालेले किती आहेत, हात वर करा. (सर्वत्र हशा, बरेच हात वर.) बघा! मसुद्यातल्या अटीत आपले सरच बसत नाहीत.

आता एक अवघड गोष्ट बोलतो. आपण बाहेर गेलो आणि गावाचं नाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते आपल्याइतकं कुणालाच माहीत नाही. १९७२ ते ७४ मधलं ते खुनांचं प्रकरण. आपण तेव्हा तिसरी-चौथीत होतो. दुष्काळ होता आणि वर ती भीती. दिवेलागणीच्या आत घरात, हौदावर एकटं जायचं नाही, अनोळखी माणसानं दिलेलं खायचं नाही. ज्या घरांनी आपली माणसं गमावली त्यांचं दुःख अजून ताजं आहे, म्हणून मी नावं घेणार नाही. पण दोन गोष्टी सांगतो.

पहिली : त्या दिवसांत गावात येणाऱ्या प्रत्येक परक्या माणसाकडं संशयानं बघितलं गेलं. बांगड्या विकणारी बाई, भांड्याला कल्हई लावणारा, फकीर, गोसावी. आमच्या गल्लीत वर्षानुवर्षं येणारा कल्हईवाला त्या वर्षी आला तेव्हा त्याला कुणी पाणीही दिलं नाही. पुढं खटला उभा राहिला तो दूर मुलखातून आलेल्या कुणा फेरीवाल्यावर नव्हता. दुसरी : त्यानंतर पन्नास वर्षं झाली, तरी या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यावर मालिका आली आणि पुण्यातल्या माझ्या सोसायटीत एका सद्गृहस्थांनी मला विचारलं, "तुम्ही त्याच मानवतचे ना?" मी हसून 'हो' म्हणालो. पण मनात आलं, काही माणसांनी केलेल्या गुन्ह्यासाठी अख्ख्या गावानं पन्नास वर्षं खाली मान घालायची, हे कुठल्या न्यायात बसतं? आपल्याला हे बोचतं ना? मग हेच माप आपण दुसऱ्याला लावताना आपला हात का थरथरत नाही? बिहारचे असले की असेच, अमक्या वस्तीतले असले की चोरच, हे आपण किती सहज बोलतो! पारध्यांसारख्या जमातींना १८७१ च्या कायद्याच्या परंपरेनं जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण लोकांच्या मनातून अजून पुरता गेला नाही.

बाहेरचं असणं काय असतं हे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी भोगलं आहे. मी कॉलेजसाठी पुण्यात गेलो तेव्हा खोली शोधत होतो. एका घरमालकांनी विचारलं, "कुठले?" म्हटलं, परभणी जिल्हा. ते म्हणाले, "मराठवाड्याची मुलं नकोत, दंगा करतात आणि भाडं थकवतात." मी तोपर्यंत त्यांच्या घरात दंगा केला नव्हता आणि भाडंही थकवलं नव्हतं. 'काय करायलास', 'मी जायलो' असं बोललो की वर्गात पोरं मागून नक्कल करायची. मराठी माणूस, मराठी मुलखात, मराठीच बोलत होतो, तरी बाहेरचा! आज आपली लेकरं पुण्यात, हैदराबादेत, दुबईत, अमेरिकेत आहेत. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांना ग्रीनकार्डची रांग माहीत आहे. तिथं नोकरीच्या आणि नात्याच्या ग्रीनकार्डांत कुठल्याही एका देशाला वर्षाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही. देश छोटा असो की मोठा, सात टक्के. वरून बघितलं तर सगळ्यांना सारखं, आणि भारतीय मुलाला मात्र दशकं थांबावं लागतं. इथं आपण म्हणतो, "आमचा पोरगा तिथं पंधरा वर्षं टॅक्स भरतोय, त्याला अजून परका का समजता?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. पण मग तोच प्रश्न आपल्या जिनिंगवर आठ हंगाम राबलेल्या माणसानं आपल्याला विचारला तर?

आता थोडं बँकेचं बोलतो, कारण तेच मला जमतं. ग्रुपवर सगळ्यात वजनदार मुद्दा होता विश्वासाचा. "हे लोक आज आहेत, उद्या नाहीत. यांचा भरवसा काय?" बँकेचं सगळं दुकानच भरवशावर चालतं, त्यामुळं मी सांगू शकतो. भरवसा म्हणजे डोळे मिटणं नाही. भरवसा म्हणजे तपासणं, पण माणूस तपासणं, त्याचा मुलूख नाही. थकबाकीची यादी आम्ही दर महिन्याला काढायचो. त्या यादीत नाव, रक्कम, तारण, जामीनदार असे रकाने असत. 'मूळचा की बाहेरचा' असा रकाना कधीच नव्हता, आणि त्यावाचून आमचं काही अडलं नाही. ज्यांच्या वसुलीसाठी मी सगळ्यात जास्त चपला झिजवल्या ते सगळे चांगले ओळखीचे, पाहुण्यारावळ्यांतले लोक होते.

परगावच्या मजुराची खरी अडचण वेगळी असते. त्याला जामीन राहणारा इथं कुणी नसतो आणि पत्त्याचा कागद गावाकडं असतो. मालक वीजबिल देत नाही, भाडेकरार करत नाही. मग तो कमाई कमरेला बांधून झोपतो आणि ती चोरीला जाते. यावर रिझर्व्ह बँकेनं एक शहाणा मार्ग काढलेला आहे. कागद नसलेल्या माणसाचंही छोटं खातं उघडता येतं. अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा आणि एक फोटो, एवढ्यावर. मात्र खात्यात पन्नास हजारांवर शिल्लक ठेवता येत नाही, वर्षाला एक लाखावर जमा होत नाही, महिन्याला दहा हजारांवर काढता येत नाही आणि बारा महिन्यांत निदान कागदासाठी अर्ज केल्याचं दाखवावं लागतं. म्हणजे आधी थोडा विश्वास, त्याला एक मर्यादा, आणि माणूस टिकला की पूर्ण विश्वास. देशाची सगळ्यात मोठी बँक जर अनोळखी माणसावर इतका विश्वास टाकू शकते, तर आपली शिष्यवृत्ती समिती का नाही?

विश्वास नाकारला की काय होतं तेही आपण बघितलं आहे. ८ मे २०२० ची पहाट आठवा. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर भुसावळकडं निघाले होते, गावाकडं जाणारी गाडी मिळेल या आशेवर. रात्री करमाडजवळ थकून रुळावरच झोपले. गाड्या बंद आहेत असं त्यांना वाटलं. मालगाडी आली आणि सोळा जण गेले. रुळांवर भाकरी, चपात्या विखुरलेल्या होत्या, तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिला. तो रूळ म्हणजे आपल्या मानवत रोडवरून जाणाराच रूळ आहे. त्या माणसांनी कित्येक महिने आपल्या मराठवाड्यात लोखंड ओतलं होतं. टाळेबंदीत 'इथंच थांबा, आम्ही आहोत' असं खात्रीनं सांगणारं त्यांना कुणी मिळालं नाही. आणि लक्षात ठेवा, त्याच काळात गंगाखेड, सोनपेठकडचे आपले ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर लेकरंबाळं घेऊन अडकले होते आणि तिथल्या गावांसाठी ते 'बाहेरचे' होते.

दुसरी बाजूही बोलायला हवी, नाहीतर हे भाषण एकतर्फी होईल. आपले एक मित्र म्हणाले, "बाहेरचे कमी पैशात काम करतात, म्हणून आपल्या पोरांना काम मिळत नाही." ही तक्रार मी हसण्यावारी नेत नाही. पण राग नेमका कुणावर काढायचा ते बघू. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा सांगत होता की कंत्राटदारानं परराज्यातून आणलेल्या कामगाराला त्याच कामासाठी स्थानिकापेक्षा कमी मजुरी देता येत नाही. वर विस्थापन भत्ता आणि गावी जाण्यायेण्याचा प्रवासखर्च वेगळा होता. हा कायदा नीट पाळला गेला असता तर बाहेरचा माणूस स्वस्त राहिलाच नसता. तो स्वस्त आहे कारण त्याला लुबाडलं जातं. त्याच्यावरचा अन्याय थांबला तर आपल्या पोरांवरचाही थांबतो.

आणि भाषा. इथं राहायचं तर मराठी यायलाच हवी, यात माझं दुमत नाही. ऑक्टोबरमध्ये आपल्या भाषेला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. पण भाषा पेढ्यांनी वाढत नाही, नवीन तोंडांत गेली की वाढते. आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी मी बोललो. परप्रांतीय मजुरांची काही मुलं आपल्या शाळेत मराठी माध्यमात शिकत आहेत. त्यांच्या बापानं कुठली महागडी शाळा निवडली नाही, आपली निवडली. जे पोर घरी भोजपुरी बोलतं आणि वर्गात मराठी कविता पाठ म्हणतं, ते आपल्या भाषेचं घर वाढवतंय. त्याला आपण म्हणायचं का, की बाळा, कविता छान म्हटलीस, पण वह्यांचे पैसे मूळच्या मुलालाच?

शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा म्हणतो की वयाचा दाखला नाही किंवा शाळा सोडल्याचा दाखला यायचा आहे, म्हणून मुलाचा प्रवेश अडवायचा नाही. आणि आपला मसुदा दाखला मागतो. आपल्या राज्यात अधिवासाच्या दाखल्यासाठी पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. निजामाच्या मुलकी नियमातही पंधराच वर्षं होती! अकरा वर्षांच्या सहावीतल्या पोराकडं पंधरा वर्षांचा पुरावा मागणारी शिष्यवृत्ती आपल्या तुकडीच्या नावानं निघावी, असं मला तरी वाटत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. अट क्रमांक दोन बदलून एवढीच ओळ ठेवावी : 'विद्यार्थी आपल्या शाळेत शिकत असावा व गरजू असावा.' ज्यांना भीती आहे की मूल मध्येच गाव सोडून जाईल आणि पैसे वाया जातील, त्यांची भीती व्यवहारी आहे. त्यावर व्यवहारी उपाय आहे. रक्कम एकदम न देता सत्रानुसार दोन हप्त्यांत द्यावी. ती वह्या, पुस्तकं, गणवेश या रूपात शाळेमार्फत द्यावी. दुसऱ्या हप्त्याआधी वर्गशिक्षकांनी हजेरी बघावी. हे नियम मानवतच्या मुलाला आणि बिहारच्या मुलाला सारखेच लागू राहतील. आणि मूल मध्येच गेलं, तर पहिल्या हप्त्याच्या वह्या ते सोबत नेईल. त्या वह्या जिथं जातील तिथं कुणीतरी विचारेल, "कुठल्या शाळेच्या?" आणि ते पोर आपल्या शाळेचं नाव सांगेल. मानवतचं नाव त्या निमित्तानंही कुठंतरी पोचू द्या की!

माझे जे मित्र अट घालण्याच्या बाजूनं आहेत, त्यांनी यावर जेवणानंतरच्या बैठकीत खुशाल विरोधी मत मांडावं. मत पडलं आणि माझी सूचना पडली तरी माझी वर्गणी कमी होणार नाही, तो धनादेश मी कोषाध्यक्षांकडं कालच दिला आहे. पण मतदानाआधी एक विनंती. आपल्या सरांचा जो फोटो हार घालून दाराशी ठेवला आहे, जेवायला जाताना त्याच्यासमोर क्षणभर थांबा आणि मग ठरवा.

आमच्यासारख्या उनाड पोरांवर, आमच्या घराण्याकडं किंवा जातीकडं न बघता, ज्यांनी विश्वास टाकला त्या सर्व गुरुजनांना मी वंदन करतो.